खोलीची शांतता

माझ्या पोटाचा आवाज मी बाहेरून पहिल्यांदा ऐकला तो कानसेनच्या हेडफोनमधून. आतून तो मला लहानपणापासून ऐकू येतोय, त्याच्या सगळ्या तऱ्हा मला पाठ आहेत. पण आतून तो दुखण्याबरोबर येतो, त्यामुळे त्याच्याकडे आवाज म्हणून कधी लक्ष गेलं नव्हतं. आता तो नुसताच आला. आधी एक बारीक चिरका सूर, कुणीतरी दार चोरून उघडावं तसा. मग त्याच्या मागोमाग काहीतरी जाड आणि ओलं घसरत खाली गेलं, आणि शेवटी दोन बुडबुडे फुटले, दुसरा जरा रेंगाळून. "काय आहे हे?" मी विचारलं. पहिल्या बुडबुड्यालाच मला कळलं होतं, पण विचारायचं म्हणून विचारलं. कानसेनने माझ्याकडे पाहिलं नाही. रेकॉर्डिंगच्या धंद्यात सगळे त्याला कानसेन म्हणतात, कारण शेजारच्या इमारतीतला फ्रिज सुरू झाला तरी हा हात वर करून बोलणाऱ्याला थांबवतो. बारा महिने तेरा काळ एकच करडा स्वेटर घालतो आणि त्याच्या कानांतून केस बाहेर आलेले आहेत. एवढ्या तिखट कानांना स्वतःची निगा राखता येऊ नये याची मला नेहमी किळस येते. "मला वाटलं पाइप आहे," तो म्हणाला. "वरच्या मजल्यावर कुणी पाणी सोडलं असेल. इतका बारीक होता गं. मग प्रकाशनवाल्यांनी तिकडे सगळ्याच फाइलींचा आवाज वाढवला, पडल्या पडल्या नीट ऐकू यावं म्हणून. तुझा वाढला तसा हाही वाढला."

"किती ठिकाणी आहे?"

"जिथे जिथे तू गप्प आहेस तिथे."

हे कसं झालं ते सांगायला हवं. मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. माझ्या आवाजावर माझं घर चालतं. कुठल्याही पुस्तकाला सुरुवात करण्याआधी आमच्याकडे खोलीची शांतता घेतात, म्हणजे बोलणाऱ्याने खुर्चीत बसायचं, काही बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करायची. पुढे कुठे खोकला आला, पान वाजलं, वाक्य कापावं लागलं, की त्या भोकावर हे शांततेचं ठिगळ लावतात. रिकाम्या खोलीची शांतता चालत नाही. माणूस बसला की खोली बदलते, त्याचे कपडे, मांस, केस थोडा आवाज पिऊन टाकतात, असं कानसेन सांगतो आणि सांगताना देवाधर्माचं बोलावं तसा आवाज खाली आणतो. आणि हे पुस्तक होतं झोप न येणाऱ्यांसाठी. 'आता उजवा पाय सैल सोडा,' असं म्हणायचं आणि गप्प बसायचं. 'आता गुडघा सैल सोडा,' गप्प. अख्ख्या पुस्तकात शब्द कमी आणि गप्प बसणंच जास्त, आणि ते सगळं गप्प बसणं कानसेनने त्या एका मिनिटाच्या कापडातून बेतलं होतं. मी सांगितलं, "पोटाचा भाग लाव." त्याने लावला. माझा आवाज, तो मधाळ, रात्रीचा, खोटारडा आवाज म्हणाला, 'आता पोट सैल सोडा,' आणि शांततेत माझं पोट आज्ञाधारकपणे सैल सुटलं. चिरका सूर, जाड ओलं घसरणं, दोन बुडबुडे. कानसेनला हसू आलं, आणि त्याच्या हसण्यापेक्षा त्याने ते दाबून धरलं याचा मला जास्त संताप आला.

तेवढ्यात मला बाबा आठवले. बाबा माझ्याचकडे असतात, आई गेल्यापासून. आयुष्यभर त्यांनी रात्रपाळी केली आणि आता म्हातारपणी रात्री त्यांचा डोळा लागत नाही. हे पुस्तक मीच त्यांच्या फोनमध्ये घालून दिलं होतं. रोज संध्याकाळी ते हेडफोन लावून आडवे होतात आणि माझ्या आवाजाच्या स्वाधीन होतात. म्हणजे महिनाभर माझ्या वडिलांच्या कानात, थेट कानाच्या पडद्याशी, माझी आतडी वाजत होती. अनोळखी हजार लोकांनी ऐकलं याचं मला तितकं काही वाटलं नाही, त्यांना माझं तोंड माहीत नाही. पण बाबा. माझ्या घशाशी आंबट पाणी आलं आणि मी ते गिळलं.

प्रकाशनवाल्या बाईंना कानसेनने फोनच्या स्पीकरवर घेतलं. या बाई प्रत्येक वाक्याच्या आधी 'अहो' म्हणतात आणि ते एखाद्या ओल्या फडक्यासारखं अंगावर येतं. "अहो, लोकांनी लिहिलंय हो, कुणाचं तरी पोट वाजतंय म्हणून. एकाने तर विचारलंय की बाईंना जेवायला देत नाही का तुम्ही." त्या हसल्या. मग हसणं आवरून म्हणाल्या, "हे बघा, मला संध्याकाळपर्यंत दुरुस्त फाइल हवी. नाहीतर मी मशीनच्या आवाजात करून घेते. आमची बाकीची पुस्तकं तशीच चाललीयत आता. खरं सांगू का, लोकांना फरक कळत नाही. आणि मशीनला काही पोट नसतं." 'आता' या शब्दावर त्यांनी जो जोर दिला त्यावरून मला कळलं की हे पुस्तक गेलं तर पुढचंही जाणार आणि त्याच्या पुढचंही. "होईल," कानसेन म्हणाला, "तिची एक मिनिटाची स्वच्छ शांतता घेतो आणि सगळीकडे बदलतो. शब्द तसेच राहतील." "मिनिटाचा तर प्रश्न," बाई म्हणाल्या. "अहो, मग बसा की गप्प."

बसले. ती खोली कपाटाएवढी आहे. भिंतींना राखाडी स्पंज लावलेला आहे, त्याने इतक्या वर्षांत सगळ्यांचे श्वास पिऊन घेतलेत आणि दार लावलं की तो ते हळूहळू परत देतो. माइकच्या तोंडावरच्या जाळीला दुसऱ्या कुणाच्या तरी थुंकीचा शिळा वास येतो. काचेपलीकडे कानसेनने बोट वर केलं, लाल दिवा लागला, आणि दिवा लागताक्षणी माझ्या तोंडाला कोरड पडली, तळवे ओले झाले, छातीत कुणीतरी दार ठोठावायला लागलं. हे मी करत नव्हते. हे मला विचारून होत नाही. पोटाच्या डॉक्टरांनी मला एकदा कागदावर काढून दाखवलं होतं. दुर्बीण घालून झाली होती, तपासण्या झाल्या होत्या, आणि मी कॅन्सर ऐकायच्या तयारीने, खरं तर थोड्या आशेनेच, त्यांच्यासमोर बसले होते. निदान काहीतरी नाव असलेलं, भारदस्त असं निघेल. ते म्हणाले, "आतडं अगदी गुलाबी आहे, स्वच्छ आहे. बिघाड आतड्यात नाही, निरोपात आहे. आयबीएस म्हणतात याला." शरीरात एक मज्जासंस्था अशी असते म्हणे की तिच्या कारभारात आपलं मत कुणी विचारत नाही. स्वायत्त. हृदय, घाम, पचन, सगळं तिच्याकडे. तिच्यात नसांचे दोन संच, "दोन जावा समजा," डॉक्टर म्हणाले, "एका घरात नांदणाऱ्या. धोका आला की थोरली उठते, छाती धडधडवते, घाम आणते, पचनाला थांब म्हणते. धोका गेला की धाकटी सगळं पूर्ववत करते, आतड्याला चाल म्हणते. तुमच्याकडे धोका जातच नाही आणि दोघी एकदम बोलतात. आतड्याला कळत नाही ऐकायचं कुणाचं. वर ते इतकं हळवं झालंय की इतरांना जाणवणारही नाही एवढा वायू तुम्हाला सुरीसारखा लागतो." थोरलीचं पुस्तकी नाव त्यांनी कागदावर लिहिलं, अनुकंपी. मी शब्दांवर पोट भरणारी बाई, मला हसू फुटलं. तोंड कोरडं पाडणाऱ्या आणि मांड्यांना कंप आणणाऱ्या त्या नसांना कुणा शहाण्याने अनुकंपा बहाल केली होती! मी विचारलं, "पण धोका कसला आहे मला?" डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "ते आतड्यालाच ठाऊक," ते म्हणाले. "आपल्याला आठवत नसलं तरी त्याला आठवतं."

आणि तेवढ्यात आलाच तो. चिरका सूर. काचेपलीकडे कानसेनने डोळे मिटून मान हलवली, दुखल्यासारखी. लाल दिवा गेला.

पुढे दुपारपर्यंत हेच चाललं. उपाशीपोटी पोट मोकळं वाजतं, भरलेल्या पोटी घट्ट वाजतं, हे मला ठाऊक होतं, तरी मी दोन कोरडी बिस्किटं खाऊन पाहिली. ती तोंडात पिठाचा गोळा होऊन फिरली आणि खाली गेल्यावर लगेच निषेधाला लागली. मग कळ आली. ती डाव्या बाजूने, खालून, मुठीत कापड पिळावं तशी येते, आणि ती आली की मला माणूस असल्याचं काही सुचत नाही. मी एक नळी असते, दोन्ही बाजूंनी उघडी. मजल्यावरचा संडास आमचा आणि शेजारच्या विम्याच्या ऑफिसचा मिळून एकच आहे. कुणीतरी नुकतंच जाऊन आलेलं होतं. बैठक कोमट होती. दुसऱ्याच्या मांड्यांची ती ऊब माझ्या मांड्यांना लागली आणि अंगावर काटा आला, पण उठण्याची सोय नव्हती. बाहेर विम्याची दोन माणसं हप्त्यांबद्दल बोलत होती, आणि मी नेहमीप्रमाणे नळ सोडला. हे मी कुठेही करते, हॉटेलात, पाहुण्यांकडे, स्वतःच्या घरातसुद्धा. नळ सोडायचा आणि पाण्याच्या आवाजाखाली आपलं उरकायचं. सुगंधाची डबी, पर्समधल्या गोळ्या, सिनेमात कडेची खुर्ची, बसमध्ये चढण्याआधी वाटेतल्या संडासांची मनातल्या मनात उजळणी. आपल्या भाषेत माया आतड्यात असते म्हणे, जवळच्या माणसाला आतड्याचं माणूस म्हणतात आणि लेकराला पोटचं. म्हणणाऱ्याने हे आतडं पाहिलेलं नसणार. मी आरशात बघून तोंड धुतलं. आरशावर कुणाच्या तरी दातातून उडालेला पांढरा ठिपका होता, तो नेमका माझ्या ओठावर आला.

परत बसले तेव्हा कानसेन म्हणाला, "दुसरं काहीतरी आठव. एखादी शांत जागा." त्याला वाटलं सोपं सांगितलं. शांत जागा मला एकच माहीत आहे, आणि लाल दिवा लागल्यावर मी तिथेच गेले. बाबा पंपघरात होते. शहराचं पाणी रात्री चढवतात, म्हणून कायमची रात्रपाळी. सकाळी यायचे, आंघोळ करून जेवायचे, आणि मधल्या खोलीत झोपायचे ते पार दुपार कलेपर्यंत. त्या खोलीच्या दारासमोरच, अरुंद बोळाच्या पलीकडे, संडास. त्याच्या कडीला तेल नव्हतं, ती ओढली की किंचाळायची, आणि वरच्या टाकीची साखळी ओढली तर घर कोसळल्यासारखं पाणी यायचं. म्हणून आईचा नियम होता. बाबा झोपलेले असताना कडी लावायची नाही, साखळी ओढायची नाही, आणि जमेल तितकं जायचंच नाही. नियम तिने कधी सविस्तर सांगितला नाही. 'बाबा झोपलेत,' एवढं म्हणायची, तेही नुसते ओठ हलवून. चमचे आम्ही फडक्यावर ठेवायचो. शिंक आली तर उशीत तोंड. सुट्टीत तर दिवस दिवस मी धरून ठेवायची, खिडकीशी मांडी घालून टाच खालून रुतवून बसायची, आणि आतलं सगळं वर चढायचं, फिरायचं, कुरकुरायचं. एकदा, मी तिसरीत असेन, नाही धरवलं. बोळात उभी होते, हात कडीवर. ओढली, तशी ती जराशी कुरकुरली, तो बारीक चिरका सूर, आणि स्वयंपाकघराच्या दारात आई आली, ओठांवर बोट ठेवून. मी कडी सोडली. मग बाकीचंही सुटलं. आधी गरम वाटलं, चांगलं वाटलं असंही म्हणायला हरकत नाही, मग ते गुडघ्यामागून पोटऱ्यांवर आलं, मोज्यांत उतरलं, आणि वास आला. आई फडकं घेऊन आली. तिने नळ सोडला नाही, बादली हलवली नाही. गुडघ्यांवर बसून तिने ते सगळं पुसलं आणि फडकं पिळताना मुठीत असं पिळलं की थेंबाचाही आवाज होऊ नये, बोटांच्या फटींतून पिवळं पाणी तिच्या मनगटावर ओघळत होतं. तिला उमासे येत होते. प्रत्येक उमासा ती गिळत होती, तिच्या गळ्याची घाटी वर जायची आणि खाली यायची, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंडातून हूं नाही. मीही नाही रडले. संध्याकाळी बाबा जेवायला बसले, पाळीला जाण्याआधी. "आज घर फार शांत होतं," ते म्हणाले. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही माझा पहिला नंबर आला होता.

ही माझी शांत जागा. पोट खुर्चीत बसल्या बसल्या एवढ्या जोराने ओरडलं की हेडफोन न लावताही मला ऐकू आलं.

कानसेन दार उघडून आत आला. चहाचा आणि स्वेटरचा वास त्याच्याबरोबर आत आला. "ऊठ," तो म्हणाला, "मी बसतो." त्याला हे मनापासून मान्य नव्हतं, सकाळपासून तो हेच टाळत होता, दुसऱ्याची शांतता लगेच ओळखू येते, शिवणीतून वेगळा दोरा दिसावा तशी दिसते, असं त्याचं ठाम मत. पण बाईंचे दोन फोन येऊन गेले होते. मी काचेपलीकडे त्याच्या जागी गेले, त्याने दाखवलेलं बटण दाबलं. कानसेन माझ्या खुर्चीत बसला, पोटावर हात बांधले आणि मिनिटभर दगड झाला. त्याच्या त्या ढेरीत सकाळपासूनचा पाच कप चहा आणि तळलेलं काहीबाही असणार, तरी तिने एक चकार शब्द काढला नाही. काय सुख असेल, मी मनात म्हटलं, आणि सुखाच्या कल्पनेबरोबर मला त्या माणसाची भयंकर घृणा आली. मग त्याने बाहेर येऊन ते मिनिट सगळीकडे चिकटवलं आणि आम्ही ऐकलं. 'आता पोट सैल सोडा,' मी म्हणाले, आणि कानसेन गप्प बसला. 'आता खांदे सैल सोडा,' मी म्हणाले, आणि कानसेन गप्प बसला. त्याने एक हेडफोन कानावर दाबला, मग दुसरा. त्याचं तोंड उतरलं. "कळत नाही गं," तो म्हणाला. "अजिबात कळत नाही." आयुष्यभर ज्याची शपथ घेतली ते खोटं निघालं, म्हणून त्याला वाईट वाटत होतं. फाइल गेली. थोड्या वेळाने बाईंचा फोन आला. "अहो, छान! आता कसं अगदी शांत वाटतंय." पुढच्या पुस्तकाचंही लगोलग ठरवून टाकलं त्यांनी. माझं काम वाचलं होतं. मी परत जाऊन तोंड धुतलं, या वेळी आरशात न बघता.

घरी आले तेव्हा उजेड होता अजून. बाबा आपल्या खोलीत पलंगावर आडवे होण्याच्या तयारीत, पायांवर चादर, गळ्यात हेडफोन. त्यांच्या पायांची नखं जाड पिवळी झालीयत आणि ती मीच कापते, तरी रोज नव्याने दिसतात. "बाबा, फोन द्या जरा," मी म्हटलं, "त्या पुस्तकात चूक होती. नवीन घालते, जुनं काढून टाकते."

"जुनं काढू नकोस," बाबा म्हणाले.

"नवीन चांगलं आहे. स्वच्छ आहे."

"असेल. पण जुन्यात ते पाणी आहे."

माझ्या हातात त्यांचा फोन होता. "कसलं पाणी?"

"मधे मधे येतं बघ. तू थांबतेस तेव्हा. लांब कुठेतरी व्हॉल्व्ह उघडल्यासारखं, आणि मग पाणी पाइपात चढतं. तू काय बोलतेस ते माझ्या कधी लक्षात राहत नाही, खोटं कशाला बोलू. पण ते पाणी आलं की झोप लागते."

मी पलंगाच्या कडेला बसले. ओकारी येईल असं वाटलं, आणि हसू येईल असंही. "तुम्हाला तर झोपताना आवाज चालत नाही," मी म्हटलं. माझा आवाज मला तिसरीतल्या पोरीसारखा ऐकू आला.

"कोण म्हणतं?" बाबा खरोखरच गोंधळले. "मी पंपाशेजारचा माणूस. तिकडे पंप चालू असला की बसल्या बसल्या डोळा लागायचा, आणि बंद पडला की खाडकन जाग. त्या शांततेनेच जाग यायची. घरी कसली झोप! आपल्या घरात सुई पडली तरी ऐकू येईल, अशी शांतता."

"मग तुम्ही दिवसभर..."

"पडून राहायचो. तुम्ही दोघी एवढ्या जपायच्या, चवड्यांवर चालायच्या, मग उठून बसायचं कसं? तुझ्या आईला किती वाईट वाटलं असतं. डोळे मिटून घ्यायचो. दुपारी तिने चहाचं आधण ठेवलं की जांभई देत उठायचो." ते हसले, जुनी गंमत सांगावी तसे. त्यांच्या खालच्या ओठावर थुंकीचा पातळ पडदा आला आणि फुटला.

"म्हणजे सगळं ऐकू यायचं तुम्हाला."

"यायचं की."

"बोळातलंसुद्धा?"

बाबा चादरीची किनार चाचपत राहिले. "संडासाची कडी फार कुरकुरायची," ते शेवटी म्हणाले. "तेल द्यायचं फार मनात होतं माझ्या. पण दिवसा उठून दिलं तर तुम्हाला कळलं असतं मी जागा आहे ते, आणि रात्री कामावर. राहूनच गेलं बघ."

कडीला तेल. एवढंच. तेल देऊ शकणारा तो हात पलीकडे होता, दाराच्या पलीकडे, चार पावलांवर, जागा. आणि अलीकडे माझी आई गुडघ्यांवर बसून एका जाग्या माणसाच्या झोपेसाठी उमासे गिळत होती. त्या झोपेपायी माझं आतडं धोका शिकलं, आणि ती झोप नव्हतीच. कुणी कुणाला फसवलं नव्हतं, सगळे एकमेकांना जपत होते, आणि मला त्या जपण्याची इतकी शिसारी आली, कानसेनच्या कानांपेक्षा, कोमट बैठकीपेक्षा, माझ्या स्वतःच्या आतड्यांपेक्षाही, की डाव्या बाजूची मूठ आवळायला लागली. फोन मी चादरीवर ठेवला. जुनी फाइल तशीच होती. "येते," मी म्हटलं आणि उठले.

याही घरात संडास बाबांच्या खोलीसमोरच आहे. मी कडी खाडकन लावली. नळ सोडला नाही. जे व्हायचं ते होऊ दिलं, सगळे आवाज, एकही न झाकता, वाकून गुडघे धरून, आणि कपाळावर घाम असताना मी वाट पाहत होते, की आता ते ओरडतील, विचारतील, निदान खोकतील. मग फ्लश ओढला, सगळ्या जोराने. पाणी दणदणत गेलं आणि टाकी भरायला लागली. मी दार भिंतीवर आपटू दिलं आणि बाबांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिले. हेडफोन गळ्यातच होते, फोन चादरीवर तसाच, आणि बाबा झोपले होते. तोंड उघडं, छाती संथ वर खाली. माझ्या मागे टाकीत पाणी चढत होतं, बारीक, मग आणखी बारीक, मग त्याचा नुसता एक सूर राहिला. मी हलले नाही.

टाकी भरली. पाणी थांबलं. बाबांनी डोळे उघडले, मला दारात उभं पाहिलं, आणि घाईघाईने परत मिटून घेतले.